शिसं धरणारा धागा

तेरा बाटल्यांपैकी बारा बाटल्यांच्या पट्ट्यांवर दोन-दोन रेषा उमटल्या. तेराव्या पट्टीवर एकच उमटली. ती बाटली माझ्या ताईच्या घरची होती.

तेव्हा मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये होते. कंपनी म्हणजे एका शेडवरच्या तीन खोल्या, आम्ही सहा जण आणि सर. सर उल्हासनगरचे, सिंधी. घरात सगळे कापडाच्या धंद्यातले, हेच एकटे केमिस्ट्री शिकले. मराठी छान बोलायचे, पण टेन्शन आलं की हिंदीवर जायचे. त्यावरूनच आम्हाला कळायचं की आज जरा सांभाळून राहायचं.

आम्ही पाण्यातलं शिसं ओळखणारी एक पट्टी तयार करत होतो. तिच्यात डीएनएचा एक छोटासा धागा होता. असे धागे सापडतात कसे, हे मी माझ्या आईला सांगितलं होतं ते असं: एका नळीत वेगवेगळ्या क्रमाचे कोट्यवधी धागे घ्यायचे, त्यात शिसं घालायचं, जे धागे शिशाला धरून बसतात तेवढेच ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. असं करत करत शेवटी शिशाला घट्ट धरणारे थोडेच उरतात. अशा धाग्याला ॲप्टामर म्हणतात. आई म्हणाली होती, "म्हणजे मुलगी बघायला आल्यासारखंच की." आई बुवापाड्यातल्या आमच्या खोलीच्या दारात बसून भाजी निवडत होती, आणि तिला तो शब्द शेवटपर्यंत जमला नाही. ती 'आपटाबार' म्हणायची.

आमच्या पट्टीत हा धागा सोन्याच्या अगदी बारीक कणांना बांधलेला होता. सोनं इतकं बारीक केलं की लाल दिसतं. पाण्यात शिसं नसेल तर धागा पट्टीवर सरकत जाऊन ठरलेल्या जागी चिकटायचा आणि तिथे लाल रेघ दिसायची. पाण्यात शिसं असेल तर धागा त्याला धरून स्वतःभोवती दुमडायचा, पुढे चिकटायला मोकळा राहायचाच नाही. मग ती रेघ यायची नाही. दुसरी रेघ कायम यायची, पट्टी चालू आहे हे कळण्यासाठी. म्हणजे दोन रेषा असतील तर पाणी ठीक. एकच असेल तर शिसं.

लॅबमध्ये आम्ही स्वतः तयार केलेल्या पाण्यावर पट्टी चालत होती. सर म्हणाले, आता खऱ्या पाण्यावर बघू, सगळ्यांनी घरून पाणी आणा. कुणी बदलापूरहून आणलं, कुणी उल्हासनगरच्या कॅम्पातून. मी बुवापाड्यातून आमच्या नळाचं आणलं, आणि ताईच्या घरचं. ताई पालेगावला राहायची. आदल्या रात्री मी तिच्याकडेच मुक्कामाला होते. सकाळी सगळे झोपलेले असताना उठले, स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरली, भरली आणि निघाले.

एकच रेघ बघून मला वाटलं, पट्टी खराब आहे. दुसरी पट्टी घेतली. मग तिसरी, वेगळ्या पाकिटातली. तिसऱ्या पट्टीवर रेघ येते का हे बघत मी दहा मिनिटं खुर्चीच्या कडेवर बसून होते. आली नाही.

ताईला पाचवा महिना होता. तिची मुलगी पिल्लू, माझी भाची, साडेतीन वर्षांची. ती सहा-सात महिन्यांपासून धड जेवत नव्हती, पोट दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन झोपायची, चेहरा फिका पडला होता. डॉक्टरांनी दोनदा जंताचं औषध दिलं होतं. मी तीन पट्ट्या ओळीने ठेवून सरांना हाक मारली.

सरांनी त्या उजेडात धरून पाहिल्या. "बोअरचं पाणी?"

"हो. पालेगावात अजून पाइपलाइन नाही आली त्यांच्या गल्लीत."

"मग घाबरू नको. बोअरच्या पाण्यात क्षार असतात. हा धागा कधी कधी पोटॅशियमला पण शिसं समजतो. स्ट्राँशियमला पण. फसतो."

"सर, मग कसं कळणार?"

"खोटा धागा लाव."

खोटा धागा म्हणजे डीएनएची अक्षरं तीच, संख्या तीच, फक्त क्रम उलटसुलट. तो शिशाला धरू शकत नाही. त्याच्या पट्टीवरही एकच रेघ आली, तर दोष पाण्यातल्या दुसऱ्या कशाचा तरी. ते करायला मला दोन दिवस लागले. खोट्या धाग्याच्या पट्टीवर दोन रेषा आल्या, ठसठशीत. खऱ्या धाग्याच्या पट्टीवर पुन्हा एकच.

मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "देखो, ये अभी बाहर किसी को नहीं बोलना. आपली पट्टी अजून कुठेच पास झालेली नाही. ठाण्याच्या मोठ्या लॅबमध्ये मशीनवर टेस्ट करू. ते जे सांगतील ते खरं. तोपर्यंत एक शब्द नाही."

"सर, ती माझी बहीण आहे. ती गरोदर आहे."

"इसीलिए बोल रहा हूं."

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. पण संध्याकाळी लॅबमधून निघाले ती घरी न जाता शेअर रिक्षाने पालेगावला गेले. रिक्षात बसल्यावर काय बोलायचं ते ठरवत होते, आणि उतरेपर्यंत काहीच ठरलं नव्हतं.

ताईचं घर दोन मजली. तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं, जेमतेम दीड वर्षापूर्वी. सासऱ्यांना मी काका म्हणते, ताई बाबा. ते इथल्याच एका कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर पाइप, व्हॉल्व्ह आणि बॉयलर यांत गेलं. रिटायर झाल्यावर जागा घेतली, खाली घरचे आणि वर भाडेकरू असं घर बांधलं. गवंडी लावले होते, पण नळाचं काम कुणाला हात लावू दिलं नाही. साठीच्या माणसाने गच्चीवरच्या टाकीपासून प्रत्येक नळापर्यंत सगळा पाइप स्वतः जोडला. घर बघायला येणाऱ्याला ते आधी बाबासाहेबांचा फोटो लावलेली भिंत दाखवायचे आणि मग गच्चीवर नेऊन ते पाइप दाखवायचे. उन्हात सरळ रेषेत गेलेले, एक थेंब गळत नाही असे.

ताई ओट्यापाशी होती. मी तिला मागच्या दारी घेतलं.

"ताई, नळाचं पाणी पिऊ नकोस. पिल्लूला पण देऊ नकोस. जार मागव."

"का?"

"आमच्या पट्टीवर काहीतरी दिसतंय."

"काहीतरी म्हणजे काय?"

"शिसं. कदाचित."

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. "तुला खात्री आहे?"

"नाही."

"मग घरात काय सांगू मी? माझ्या बहिणीला खात्री नाही म्हणून जार आणा?"

मी पर्समधून एक पट्टी काढून दाखवली. ती बघून ती म्हणाली, "ही तर तसलीच दिसते." तसली म्हणजे घरी दिवस गेलेत का बघायची. मी म्हटलं, त्यात दोन रेषा आल्या की गोड बातमी असते, यातही दोन आल्या तर चांगलंच. तुमच्या पाण्याला एकच आली.

ती भिंतीला टेकली. हात पोटावर गेला, तिच्याही नकळत असेल.

काका मागच्या दारात कधी येऊन उभे राहिले, आम्हाला कळलं नाही. "माझ्या पाण्याला काय झालंय?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण 'माझ्या' म्हणताना थांबले.

सरांनी बजावलेलं मी तिथे पुरतं मोडलं. सगळं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मशीनवरची टेस्ट कधी आहे?"

"सॅम्पल पाठवलं की चार-पाच दिवसांत रिपोर्ट."

"सॅम्पल मी देतो. माझ्या हाताने. तू भरलंस त्याचं मला माहीत नाही, बाटलीला काय लागलेलं होतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते स्वतः कॅन घेऊन लॅबमध्ये आले. सरांना जय भीम केला. सरांनी हात जोडले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. काकांनी कॅनवर चिठ्ठी चिकटवली होती, वेळ, तारीख, सही. म्हणाले, "दहा मिनिटं पाणी सोडून मगच भरलंय. सॅम्पल घ्यायचं तर आधी लाइन फ्लश करायची. पस्तीस वर्षं हेच केलंय."

सर म्हणाले, "बरोबर आहे." मीसुद्धा मनात तेच म्हटलं. मी तर घाईत, बाटली न विसळता भरली होती.

पुढचे पाच दिवस ताईच्या घरी जारचं पाणी आलं. पण गल्लीत बातमी गेली. वरच्या भाडेकरणीने विचारलं, आम्ही काय करायचं, आम्हाला पण पोरं आहेत. काका तिला म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. जिजू पुण्याला नोकरीला होते, शनिवारी यायचे. ते फोनवर ताईवर चिडले की आधी मला सांगायचं सोडून बहिणीच्या नादी लागलीस. ताईने ते मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. आईने मला.

मी रोज ऑफिसात गेल्या गेल्या मेल बघायचे. रिपोर्टमध्ये शिसं निघावं असं मला वाटत होतं का, हे मी स्वतःला विचारत नव्हते. निघालं तर माझी पट्टी खरी आणि माझी भाची आजारी. नाही निघालं तर उलट. एकदा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि लक्षात आलं की मी पट्टी खरी ठरावी म्हणून वाट बघतेय. डबा तसाच बंद केला.

रिपोर्ट आला. शिसं: आढळलं नाही.

सरांनी प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं, नको बोलू. आता त्या घरात सगळे म्हणणार, ही पट्टी खोटी. उद्या खरंच कुठे शिसं निघालं तरी कोण ऐकेल?"

काकांना मी फोन केला. त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवायला सांगितला, पुन्हा एकदा वाचायला लावला, मग म्हणाले, "चल, बरं झालं." त्यात टोमणा नव्हता. त्यामुळे मला जास्त लागलं.

जार बंद झाला. ताईने आठ-दहा दिवस फोन केला नाही. मी केला की भाची घ्यायची आणि म्हणायची, आई कामात आहे.

मी लॅबमध्ये हट्टाला पेटले. त्या पाण्यात असं काय आहे जे माझ्या धाग्याला फसवतं, ते शोधायचं ठरवलं. पहिल्या बाटलीतलं थोडं पाणी उरलं होतं. त्यात एक-एक क्षार मोजला. पोटॅशियम होतं, पण आमच्या बुवापाड्यातल्या पाण्यापेक्षा फार जास्त नाही. लॅबमध्ये साध्या पाण्यात तेवढंच पोटॅशियम घालून पट्टी लावली, दोन रेषा आल्या. दुप्पट घातलं, तरी दोन. ताईच्या पाण्याची मात्र एक. धागा फसत नव्हता. पण मशीन पण फसत नव्हती. मी वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली आणि त्यापुढे काही सुचेना.

एका शुक्रवारी दुपारी आईचा फोन आला, पिल्लूचं पोट पुन्हा दुखतंय, ताई रडतेय. सरांना सांगून मी निघाले. निघताना पर्समध्ये पट्ट्यांचं आख्खं पाकीट टाकलं.

भाची ताईच्या मांडीवर होती, गुडघे पोटाशी. घरात कुणी मला पाण्याबद्दल बोलेना. ताई मोरीत भांडी ठेवून आली होती, नळ चालूच होता. मी पाणी प्यायच्या निमित्ताने पेला भरला आणि मागच्या दारी जाऊन पट्टी बुडवली. दहा मिनिटांनी दोन रेषा आल्या.

मी पायरीवर बसले. म्हणजे पहिल्यांदा चुकलेच होते. बाटलीलाच काही लागलं असणार. एवढ्या सगळ्या घराला मी पाच दिवस घाबरवलं. आत भाची बारीक आवाजात कण्हत होती, आणि तिच्या पोटदुखीचं कारण मला पुन्हा माहीत नव्हतं.

ताई येऊन शेजारी बसली. तिने पट्टी बघितली. "दोन आहेत," ती म्हणाली.

"हो."

"मग तेव्हा एक का होती?"

"माहीत नाही."

"तेव्हा तू कधी भरलं होतंस?"

"सकाळी. तुम्ही उठायच्या आधी."

मी पेल्याकडे बघितलं. हे पाणी दुपारचं होतं, वाहत्या नळाचं. मग उठले आणि तिला म्हटलं, आज मी इथेच राहते. उद्या सकाळी मी उठेपर्यंत कुणीही नळ सोडायचा नाही. संडासात सोडायचा नाही, तोंड धुवायचं नाही, वरच्यांना पण सांग. ती म्हणाली, वरचे गावाला गेलेत. मग म्हणाली, "बाबांना काय सांगू?"

"त्यांना मी सांगते."

काकांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "बघ."

सकाळी मी उठले तेव्हा उजाडलं होतं, पण काकू, ताईच्या सासूबाई, त्यासुद्धा अजून उठल्या नव्हत्या. ओट्यावर मी नऊ पेले ओळीने मांडले. नळाखाली पहिला पेला धरला, नळ हळू सोडला. तो भरला की लगेच दुसरा. मग बादली लावली. बादली पाव झाली की तिसरा पेला, अर्धी झाली की चौथा, भरली की पाचवा. दुसरी बादली लावली. असे नऊ. नवव्या पेल्यापर्यंत दोन बादल्या भरून तिसरी सुरू झाली होती. मग सगळ्या पेल्यांत एकदम पट्ट्या टाकल्या.

काका चहाला आले होते. स्टुलावर बसले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. ताई दारात उभी होती, पिल्लूला कडेवर घेऊन.

दहा मिनिटं थांबायचं होतं. गॅसवर चहा उतू जायला आला तो काकांनीच उठून बंद केला.

पहिल्या पेल्यातल्या पट्टीवर एक रेघ. दुसऱ्यात एक. तिसऱ्यात एक. चौथ्यात दुसरी रेघ आल्यासारखी वाटत होती, डोळे बारीक करून पाहिलं तरच दिसेल अशी. पाचव्यात ती स्पष्ट होती. सहाव्यापासून पुढे सगळ्यांत दोन, चांगल्या लाल.

मी ओट्याला धरून उभी होते. मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागत होता. काका पुढे आले. चष्मा वर करून त्यांनी एकेक पट्टी नीट पाहिली, डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उलट. चौथ्या पेल्यावर बोट ठेवलं.

"हा किती पाण्यानंतर भरलास?"

"अर्धी बादली झाल्यावर."

ते वर छताकडे बघायला लागले. ओठ हलत होते. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. पण ते मोजत होते. टाकीपासून खाली येणारा पाइप किती फूट, मग भिंतीतून किती, मग ओट्यापर्यंत किती, त्यात पाणी किती मावतं.

"अर्धी बादली," ते म्हणाले. "टाकीपासून या नळापर्यंत पायपात अर्ध्या बादलीच्या आसपास पाणी राहतं. तेवढं निघून गेलं की टाकीचं पाणी येतं. टाकीचं पाणी चांगलं आहे. बोअर पण चांगली आहे."

मी म्हटलं, "म्हणजे..."

"म्हणजे जे आहे ते पायपात आहे. रात्रभर पाणी पायपात उभं राहतं, सकाळी ते आपण पितो." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि मी कॅन भरायच्या आधी दहा मिनिटं लाइन फ्लश केली."

त्या घरात सकाळी सगळ्यात आधी उठून पाणी पिणारी पिल्लू होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, पोट साफ होत नाही, उठल्या उठल्या पेलाभर पाणी द्या. ताई इमानाने देत होती. हे आम्हा तिघांना एकाच वेळी आठवलं असावं, कारण ताई पिल्लूला घेऊन एकदम आत निघून गेली.

काका गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले. ते पायपापाशी उकिडवे बसले आणि त्याच्यावर हात फिरवत कुठे काही छापलंय का ते बघत होते. चांगल्या पायपावर मार्क असतो, कंपनीचं नाव असतं. यावर काही नव्हतं. "उल्हासनगरहून आणलेला," ते म्हणाले. "दुकानदार म्हणाला, अंकल, एक्सपोर्टचा माल है, छापा मारायचा राहिलाय. मी हातात घेऊन वाकवून पाहिला. कडक होता. मला वाटलं, चांगला आहे." प्लास्टिकच्या स्वस्त पायपात तो उन्हात टिकावा म्हणून शिशाचे क्षार घालतात, हे मला वाचून माहीत होतं. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग उठून टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि बंद केल्यावरही हात तसाच त्याच्यावर ठेवून उभे राहिले.

या वेळी ठाण्याच्या लॅबचा माणूस स्वतः येऊन सॅम्पल घेऊन गेला, पहाटेचं पहिलं आणि नंतरचं वाहतं, वेगवेगळं. पहिल्यात शिसं निघालं, मर्यादेपेक्षा बरंच वर. दुसऱ्यात नाही. सरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि पट्टीसोबत द्यायच्या कागदावर आधी लिहिलेलं 'नळ थोडा वेळ सोडून पाणी घ्यावे' हे वाक्य स्वतः पेनाने खोडलं. दुपारी माझ्या टेबलावर चहा आणून ठेवला. सरांनी चहा आणून ठेवलेला मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

पिल्लूच्या रक्ताची तपासणी केली. तिचा रिपोर्ट यायचे दिवस पाण्याच्या रिपोर्टपेक्षा वाईट होते. ताई त्या दिवसांत बुवापाड्यात आमच्याकडे राहायला आली होती आणि पिल्लू काय बोलते, कशी चालते, किती शब्द विसरते, यावर डोळा ठेवून असायची. तिने चमचा खाली पाडला तरी ताई माझ्याकडे बघायची. रक्तात शिसं निघालं. ताईच्याही निघालं, कमी. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, औषध देऊन काढायची वेळ नाही आलेली. पाणी बंद झालंय ना, मग लोह द्या, दूध, नाचणी, वेळेवर जेवण, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू. ताईने विचारलं, "हिच्या डोक्यावर काही परिणाम?" बाई म्हणाल्या, "आत्ताच सांगता येणार नाही. लवकर कळलं, एवढं नक्की."

पहिल्या रिपोर्टनंतर जार बंद झाला होता, तेव्हापासून गेलेले ते आठवडे मी मोजले होते. ताईनेही मोजले असणार.

काकांनी सगळा पाइप काढला. मदतीला कुणाला घेतलं नाही. भिंती फोडल्या, नवीन, छापा असलेला पाइप घातला, भिंती पुन्हा बुजवल्या. जुने तुकडे घेऊन उल्हासनगरला त्या दुकानात गेले, मीही सोबत होते. दुकानदाराने तुकडा हातात घेऊन फिरवला आणि म्हणाला, "अंकल, वो लॉट तो कब का खतम हो गया." काकांनी विचारलं, कुणाकुणाला विकला? तो म्हणाला, याद नहीं. काका म्हणाले, "मला आहे. चार घरांना मीच तुझ्याकडे पाठवलं होतं."

ताई म्हणायची, काकांना रात्री झोप लागत नाही; का ते मला तेव्हा कळलं. गल्लीतल्या चार घरांनी काकांचं काम बघून, त्यांना विचारून, तोच पाइप घातला होता. सर म्हणाले, आता रिपोर्ट आहे, आता बोलू शकतो, आणि पट्ट्यांचं एक पाकीट दिलं. काका प्रत्येक घरी स्वतः गेले. मी मागे. ते दारात उभे राहून पहिलं वाक्य एकच म्हणायचे: "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं." तीन घरांनी सकाळचं पाणी भरून दिलं. दोघांकडे एक रेघ, एकाकडे दोन. चौथं घर त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदाराचं होतं, वीस वर्षं एका पाळीत काम केलेला माणूस. तो म्हणाला, "आधी म्हणालास हा पाइप चांगला, मग म्हणालास पाणी चांगलं, रिपोर्ट दाखवलास. आता म्हणतोस खराब. उद्या काय म्हणशील?" त्याने दार लावलं नाही, पण आत गेला तो बाहेर आला नाही. त्याचं पाणी आम्ही आजपर्यंत तपासलेलं नाही.

तीन महिन्यांनी पिल्लूच्या रक्तातलं शिसं उतरलं होतं, पुढच्या तपासणीत आणखी. ती जेवायला लागली. ताईला मुलगा झाला, वजन ठीक, रडणं ठीक. आता पिल्लू शाळेत जाते. बाई म्हणतात, हुशार आहे, फक्त एका जागी बसत नाही. असं त्या वर्गातल्या अर्ध्या मुलांबद्दल म्हणतात, हे मला माहीत आहे. ताईलाही माहीत आहे. तरी ती ते वाक्य घरी येऊन मला शब्दन् शब्द सांगते.

परवा मी पालेगावला गेले तर ताई बाळाला भरवत होती. नवीन नळाचं पाणी तिने पेल्यात घेतलं, उजेडात धरलं आणि मला विचारलं, "तुझा तो धागा फक्त शिसंच धरतो ना?"

"हो. एक धागा एकच गोष्ट धरतो."

"आणि बाकीचं?"

"त्यासाठी दुसरे धागे शोधावे लागतात. काही शोधलेत लोकांनी. आम्ही आता पाऱ्यावर काम करतोय."

तिने मान हलवली. मग वाटीतल्या भातावर थोडं पाणी घालून तो मऊ केला, बोटाने कालवला आणि बाळाच्या तोंडाशी नेला.